सोंगाची धाव

पोळा होऊन आठ-दहा दिवस लोटले. दारावरचे आंब्याच्या पानांचे तोरण वाळून खडखडू लागले आहे, आणि मुलांचे लाकडी नंदी वर्षभराच्या विश्रांतीसाठी पुन्हा माळ्यावर गेले आहेत. अशा वेळी ओसरीवर बसून सणाचा जमाखर्च मांडावा, ही आमची जुनी खोड. यंदाच्या जमाखर्चात एक रक्कम आमच्या नावे मोठीच निघाली. ती वाचकांपुढे मांडल्याशिवाय आमच्या मनाला स्वस्थता लाभणार नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ झाला तो विलायतेत असलेल्या पुतण्याच्या एका छायाचित्राने. पुतण्या चाळिशीचा, नोकरीने अभियंता, स्वभावाने गंभीर. आषाढात एके दिवशी त्याने भ्रमणध्वनीवर जे चित्र धाडले, ते पाहून घरातील सर्व मंडळी एकत्र गोळा झाली. अंगात फाटका डगला, डोक्यावर गवती टोपी, बाह्यांतून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि अशा थाटात स्वारी धावते आहे! पाठीमागे गवताने शाकारलेले एक जुने कोठार व मोडकी गाडी. खाली मजकूर असा की, तेथे शेतीचे एक उघड्यावरचे संग्रहालय आहे. त्याच्या आवारातून, सडक सोडून, गवतातून व चिखलातून, निरनिराळी सोंगे घेऊन धावण्याची शर्यत होती, आणि तीत हे चिरंजीव बुजगावणे होऊन धावले. आमचे कुटुंब चष्मा पुसून पुन्हा पाहत म्हणाले, "अहो, सात समुद्र ओलांडून गेला, तो शेवटी बुजगावणे व्हायलाच का?"

हसू ओसरल्यावर आम्ही विचार करू लागलो. उघड्यावरचे संग्रहालय ही कल्पना स्वीडन देशात चांगली रुजली. तेथील आर्थर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने १८९१ साली स्टॉकहोम शहरी 'स्कान्सेन' नावाचे आवार उभारले, आणि ठिकठिकाणच्या प्रांतांतील शेतकऱ्यांची जुनी घरे उचलून आणून तेथे जशीच्या तशी बांधली. कारखाने वाढत चालले होते, जुने ग्रामजीवन डोळ्यांदेखत मावळत होते. ते निदान पुढच्या पिढीस पाहावयास तरी मिळावे, हा त्यातला हेतू. आपल्याकडे कोल्हापूरनजीक कणेरी येथे सिद्धगिरी मठाच्या आवारात याच जातीचे ग्रामजीवन संग्रहालय आहे. औत धरणारा शेतकरी, चाकावर बसलेला कुंभार, भात्यापाशी बसलेला लोहार, असा सारा गाव तेथे सिमेंटच्या मूर्तींच्या रूपाने मांडलेला आहे. आमच्या तुमसर तालुक्यात मात्र संग्रहालयात ठेवण्याजोग्या पुष्कळशा वस्तू अद्याप गोठ्यांतच टांगलेल्या आढळतात. चिखलणीला यंत्र आले, नांगर आढ्याला गेला. पण रोवणीला आजही वाकलेल्या पाठीच लागतात. धानाची बांधी कोणाची वाट पाहत नाही.

आता सोंग घेऊन धावण्याविषयी. हा प्रकार केवळ आमच्या पुतण्याच्याच गावी होतो असे नव्हे. फ्रान्स देशात बोर्दोनजीक मेदोक नावाचा द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. तेथे १९८५ सालापासून पूर्ण सव्वीस मैलांची, म्हणजे सुमारे बेचाळीस किलोमीटरची, शर्यत भरते, आणि बहुतेक लोक चित्रविचित्र वेश करून मळ्यांमधून धावतात. आपल्या मुंबईत २००४ सालापासून जी मोठी शर्यत होते, तिच्यातील हौशी मंडळींच्या भागातही नाना प्रकारची सोंगे दिसतात. प्रथमदर्शनी आम्हांसही हे थेरच वाटले होते. धावावयाचे तर धावण्याजोगे वस्त्र ल्यावे, आणि सोंग घ्यावयाचे तर रंगभूमीवर जावे. एकात दुसऱ्याची भेसळ कशाला, हा आमचा आक्षेप.

परंतु आमच्या झाडीपट्टीकडे दृष्टी वळविली तेव्हा हा आक्षेप जागीच विरला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात कापणी-मळणी आटोपली की शंकरपट भरतात. बैलांच्या जोड्या मोकळ्या रानात धावतात; माणसे गाड्या जुंपून कोसांवरून येतात; आणि रात्री त्याच गावी मांडव घालून नाटक होते, ते पहाटेपर्यंत चालते. पटासाठी आलेल्या पाहुण्यांची रात्र कशी घालवावी, या व्यवहारी प्रश्नातूनच झाडीपट्टीच्या रंगभूमीला एवढे बळ आले. दिवसा धाव आणि रात्री सोंग, अशी आमच्याकडची जुनी सांगड आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींना मनाई केली, ती डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या नव्या कायद्याच्या आधारे सशर्त उठली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. मधल्या सात वर्षांत आमच्या भागात धाव थांबली, पण सोंग थांबले नाही. नाटके होतच राहिली.

याहून जवळचे उदाहरण तान्ह्या पोळ्याचे. पुण्या-मुंबईकडील वाचकभगिनींना हा सण ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द. श्रावणातील अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेस, मुलांचा तान्हा पोळा. नागपूरकर दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे सांगतात. चाके लावलेला लाकडी नंदी सजवून मुले दोरीने ओढीत नेतात, घरोघर जाऊन बोजारा म्हणजे खाऊचे पैसे मिळवितात, आणि अलीकडे बहुतेक गावी त्याच दिवशी नंदीच्या सजावटीची व मुलांच्या वेशभूषेची चढाओढ लावण्यात येते.

यंदा आमच्या मोहल्ल्यातील तरुण मंडळींनी पुतण्याचे ते छायाचित्र पाहिले आणि त्यांना एक कल्पना सुचली. नंदी झाले, वेशभूषा झाली. मग त्याच वेशात मुलांना धावावयास का लावू नये? आखरावरून निघावयाचे, गवतातून तळ्याच्या पाळीपर्यंत जावयाचे, पाळीवरून वळसा घेऊन परत यावयाचे. बांधीत धान उभे, म्हणून तेथे पाऊल टाकावयाचे नाही. विषय ठरला 'शेत-शिवारातील माणसे'. परीक्षक तीन, आणि त्यांत सेवानिवृत्त शिक्षक म्हणून आम्ही.

येथे आमची पहिली चूक. आमची अकरा वर्षांची नात त्या शर्यतीत धावणार होती. तेव्हा आम्ही ते आसन नम्रपणे नाकारावयास हवे होते. परंतु पस्तीस वर्षे खडू धरलेल्या हातास गुण देण्याचा मोह आवरत नाही.

नातीच्या धावण्यावरून घरात थोडा वाद झाला. तिने रोवणारी बाई व्हावयाचे ठरविले होते, आणि त्यासाठी आजीचे जुने नऊवारी लुगडे मागितले. आमच्या वडील वहिनी म्हणाल्या, "मुलीच्या जातीने लुगडे नेसून आखरावर धावायचे? पाय अडकून पडली म्हणजे?" त्यावर सूनबाईंनी बारामतीच्या लता करे यांचे नाव काढले. पतीच्या उपचारासाठी पैसा हवा म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. पुढे २०२० साली तिच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःच काम केले, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. वहिनी क्षणभर गप्प राहिल्या, आणि मग स्वतःच उठून नातीला घट्ट कासोटा घालून देऊ लागल्या. "असा खोच, म्हणजे सुटत नाही," एवढेच बोलल्या. आपले जुने वस्त्र धावण्यास अडचणीचे आहे असे आपण समजतो. खरे पाहता ते काम करणाऱ्या अंगासाठीच बेतलेले आहे. अडचण त्याच्या नेसण्यात नाही, नेसावयाचे विसरण्यात आहे.

त्या दिवशी आखरावर तीस-बत्तीस मुले जमली. कोणी गुराखी, कोणी धनगर, कोणी मोट हाकणारा. बहुतेकांचे पोशाख भाड्याने आणलेले. जरीकाठी धोतरे, चकाकणारे फेटे, कापसाच्या मिशा, पुठ्ठ्याचे नांगर. आम्ही प्रत्येकास विचारीत होतो, "बाळ, तू कोण?" आणि कागदावर गुण मांडीत होतो.

शेवटी एक मुलगा उभा होता. आमची तीन एकर बांधी जे कुटुंब ठेक्याने वाहते, त्यांचा हा मुलगा, वय दहा. अंगात बापाची बंडी, तीही गुडघ्यापर्यंत आलेली, कमरेला धुऊन विटलेले आखूड धोतर, डोक्याला दुपट्टा, हाती बैल हाकण्याची खरी काठी. आमच्यातील एका परीक्षकाने विचारले, "आणि तू कोणाचे सोंग घेतलेस रे?"

मुलगा म्हणाला, "बाबाचं."

सभोवतालची मंडळी हसली. आम्हीही हसलो. आणि हसत हसत आम्ही कागदावर त्याच्या नावापुढे लिहिले, "वेश नाही." ही आमची दुसरी चूक, आणि खरी चूक तीच.

नियम असा होता की, वेश केलेल्यांतच धावेचे क्रमांक धरावयाचे. शिटी वाजली. भाड्याची धोतरे पन्नास पावलांतच सुटू लागली, पुठ्ठ्याचे नांगर ओल्या गवतात मऊ पडले, मिशा गळाल्या. तो मुलगा मात्र काठी आडवी धरून, अंगठे मातीत रोवीत, तळ्याच्या पाळीवरून असा धावला की पाहणाऱ्यांनी तोंडात बोट घालावे. ओल्या पाळीवर टाच टेकली की माणूस घसरतो. बोटांवर भार ठेवला की पाय धरतो. हे त्यास कोणी शिकविले नव्हते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहताना ते त्याच्या पायांत आपोआप मुरले होते. तो पहिला आला. त्याच्यामागून बऱ्याच अंतराने आमची नात आली. कागद पाहिला गेला, आणि पहिले बक्षीस नातीस मिळाले: पोलादी डबा व पुस्तके. त्या मुलाने काही तक्रार केली नाही. तो काठी घेऊन घरी गेला.

रात्री जेवणे झाल्यावर नात डबा घेऊन आमच्यापुढे येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, मी रोवणारी बाई झाले होते, पण मला रोवता कुठे येते? तो तर खराच शेतकरी होता. मग वेश माझा कसा, आणि त्याचा नाही कसा?"

वाचकहो, आम्ही पस्तीस वर्षे व्याकरण शिकविले. त्या रात्री आम्हांस उत्तर सुचले नाही. संस्कृतात 'वेश' हा शब्द 'विश्' म्हणजे प्रवेश करणे या धातूशी निगडित आहे. ज्यात माणूस शिरतो तो वेश. या न्यायाने पाहता त्या आखरावर खरा वेश एकाच मुलाने केला होता. तो आपल्या बापाच्या बंडीत शिरला होता. बापाचे काम, बापाची चाल, बापाची काठी धरण्याची रीत, सारे त्याने अंगी आणले होते. बाकीच्यांनी कपडे घातले होते. आणि आम्ही, शब्दांचे मूळ शोधणारे, चकाकीला वेश म्हणालो व खऱ्यास "नाही" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंडळींना लेखी कळविले की चूक परीक्षकांची, विशेषतः आमची. पहिला क्रमांक त्या मुलाचा. त्यांनी तो तत्काळ मान्य केला. नातीने आपण होऊन डबा व पुस्तके पुसून पिशवीत घातली, आणि आम्ही दोघे बांधीवर गेलो. मुलाचा बाप धुऱ्यावर उभा राहून पाणी पाहत होता. आम्ही सर्व सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, कशाला एवढे मनाला लावून घेता? सोंगाला बक्षीस असते. आमचे तर रोजचेच आहे."

मुलगा आला. त्याने डबा घेतला, पुस्तके उलटून पाहिली, आनंदलाही. परंतु निघताना त्याची आई हलक्या आवाजात म्हणाली की, कालपासून पोरगा बापाच्या बंडीला हात लावीत नाही. बाजारात जाताना बापानेही ती घालू नये म्हणून हट्ट धरून बसला आहे. डबा परत करता आला. कागदावरचे दोन शब्द खोडता आले. पण दहा वर्षांच्या मनावर आमच्या हसण्याने जे लिहिले गेले, ते कोणत्या रबराने खोडावे?

येथे आम्हांस त्या उघड्यावरच्या संग्रहालयांचा अर्थ उमगला, असे वाटते. एखाद्या जीवनाचे संग्रहालय केव्हा होते? नांगर गंजला म्हणजे नव्हे. त्या नांगराच्या धन्याच्या मुलास त्याची लाज वाटू लागली म्हणजे होते. विलायतेतील मंडळींचा शेतकरी पुष्कळ पिढ्यांपूर्वीच बहुतांशी नाहीसा झाला. आता ते त्याचे कोठार जपतात, त्याची टोपी घालून त्याच्या चिखलातून धावतात, आणि त्यात एक प्रकारची कृतज्ञताही आहे. आम्ही पुतण्यास आता हसत नाही. आपल्याकडे मात्र तो शेतकरी समोर धुऱ्यावर उभा आहे. त्याच्या देखत त्याचे सोंग करावयाचे तर अधिक जपून करावयास हवे.

म्हणून अशा शर्यती करू नयेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मुलांच्या पायांना माती लागावी, अंग चिखलावे, हे हवेच आहे. मात्र ज्या घरांतून व मोहल्ल्यांतून असा बेत होईल, त्यांच्यासाठी अनुभवाने सुचलेल्या चार गोष्टी सांगतो. आदल्या दिवशी दोघा जाणत्यांनी सर्व वाट पायी हिंडून पाहावी. भाद्रपदात गवत दाट असते, साप-किरडाचे भय असते, आणि कापणीनंतर धावावयाचे तर धानाची धसकटे तळवे फाडतात. धोतर-लुगडे पोटरीवर राहील असे नेसवावे. तोंडावर मुखवटा वा दाढी बांधून मुलांस धावू देऊ नये, श्वास कोंडतो. विळा, कुऱ्हाड यांसारखी खरी हत्यारे हाती देऊ नयेत. पायास खरचटल्यास लागलीच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावे. जखम मातीची असेल तर धनुर्वाताची सुई केव्हा टोचली होती हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, गुण पोशाखाच्या किमतीस देऊ नयेत. ज्याचे सोंग घेतले, त्याचे काम काय, त्याच्या हातातील वस्तूस काय म्हणतात, ती कशी धरतात, हे मुलास विचारावे. आणि परीक्षकांत एक तरी माणूस असा असावा, की ज्याने ते काम स्वतः केले आहे.

पुढील वर्षासाठी मंडळींनी ही शेवटची सूचना मान्य केली आहे. परीक्षक म्हणून त्या मुलाच्या बापाचे नाव आम्ही सुचविले. त्याने "पाहू, रोवणा लवकर आटोपला तर," असे म्हटले आहे. आमचे आसन आम्ही रिकामे केले आहे. नात गेल्या रविवारी बांधीवर जाऊन पाळीवर बोटांनी चालण्याचे शिकून आली. शिकविताना तो मुलगा तिला दोनदा हसला, असे तिने सांगितले. ते हसणे तिच्या हिताचेच होते. बंडीचे मात्र अद्याप जमलेले नाही. ती दांडीवर वाळत घातलेली आम्ही परवा पाहिली.

जाता जाता एक शब्दाची गोष्ट. 'धाव्' या धातूचे संस्कृतात दोन अर्थ आहेत: एक पळणे, दुसरा धुऊन शुद्ध करणे. दात घासण्यास दंतधावन म्हणतात, ते या दुसऱ्या अर्थाने. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुलांनी पहिल्या अर्थाने धाव घेतली आणि ती उत्तम घेतली. दुसऱ्या अर्थाची धाव आम्हांकडे बाकी आहे.